उसातून जाणारा रस्ता

मॉरिशसला जाणाऱ्या आपल्याकडच्या पर्यटकांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. एक दिवस ‘नॉर्थ टूर’, एक दिवस ‘साऊथ टूर’, एक दिवस बोटीने इल ओ सेर बेटावर आणि उरलेला वेळ हॉटेलच्या किनाऱ्यावर. थांबेही तेच: पोर्ट लुईचा बाजार, शामारेलची सात रंगांची माती, गंगा तलाव, त्रू ओ सेरचं विवर. या सगळ्या जागा सुंदर आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण व्हॅनमध्ये बसून एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर जाताना मधला देश तसाच मागे पडतो आणि मॉरिशस खरा आहे तो त्या मधल्या भागात, असं माझं तिथून आल्यापासून ठाम मत झालंय. म्हणून जो विचारेल त्याला मी एकच सांगते: गाडी भाड्याने घ्या आणि स्वतः चालवा.

आपल्याला ते अवघडही नाही. इंग्रजांनी 1810 मध्ये हे बेट फ्रेंचांकडून घेतलं आणि 1968 पर्यंत ठेवलं, त्यामुळे वाहतूक डावीकडून. मात्र शरण येताना फ्रेंचांनी आपले कायदे आणि रीतिरिवाज राखून घेतले होते आणि त्यांच्यासोबत भाषाही टिकली, म्हणून पाट्यांवरची गावं बहुतेक फ्रेंच. सुरुवातीला नवरा नकाशात बघून एक उच्चार करायचा आणि वाटेत विचारलेला माणूस वेगळाच करायचा. दोन-चार वेळा ऐकलं की कान तयार होतो. बेटाची लांबी जेमतेम 65 किलोमीटर आणि रुंदी 45, तेव्हा चुकून चुकून माणूस किती लांब जाणार?

आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि माझे बाबा. बाबांचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातलं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढून नेलं होतं. गाडी विमानतळावरच घेतली. एजन्सीचा मुलगा गाडीभोवती सावकाश फिरत, कागदावर छापलेल्या गाडीच्या चित्रावर बॉलपेनने फुल्या मारत होता: इथे ओरखडा, इथे पोचा, हे चाकाचं झाकण खरवडलेलं. त्याच्या मागोमाग नवरा मोबाइलवर प्रत्येक फुलीच्या जागेचा फोटो काढत होता. ही पाच मिनिटं द्यायलाच हवीत. विमा असला तरी टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग त्यात बहुतेक धरत नाहीत. अपघात झाला तर ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपल्यालाच सोसावा लागतो, तो आकडा आधी विचारून घ्यावा. डिपॉझिट क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. पेट्रोलचं सोपं आहे. दर सरकार ठरवतं आणि तो सगळ्या बेटावर सारखाच, त्यामुळे स्वस्त पंप शोधत फिरायला नको.

तिथल्या रस्त्यावर एक गोष्ट मात्र नव्याने शिकावी लागते. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला की त्याचा अर्थ ‘मी येतोय, थांब’. तिथे गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागायला उभं राहिलं की मुख्य रस्त्यावरून येणारा वेग कमी करून दिवे लुकलुकवतो, म्हणजे ‘तू जा आधी’. पहिल्या दिवशी मी थांबायची आणि तोही थांबलेला असायचा. मग समजलं. निघताना हात वर करून आभार मानायचे, एवढंच. चौकाचौकात वर्तुळ असतं, त्यात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. हॉर्न फार क्वचित ऐकू येतो. पुण्यात रोज गाडी चालवणाऱ्या माझ्या खांद्यांना याचा किती आराम वाटला, काय सांगू!

अंधार पडल्यावर मात्र लहान रस्ते टाळावेत. कित्येक ठिकाणी रस्त्याला कडेची पट्टी नसते, डांबर संपलं की सरळ दगडी चर. शिवाय पायी चालणारी माणसं आणि कुत्री ऐन वेळेला दिसतात.

हे झालं व्यवहाराचं. आता उसाबद्दल.

विमानतळातून बाहेर पडल्यापासून दोन्ही बाजूंना ऊस लागतो आणि तो बेटभर साथ सोडत नाही. नोव्हेंबर होता. तोडणीचा हंगाम संपत आलेला, त्यामुळे काही शेतं उघडी आणि काहींत अजून डोक्याहून उंच हिरवी भिंत. अशा दोन भिंतींमधून रस्ता जातो तेव्हा समुद्र कुठेच दिसत नाही, फक्त वर आभाळ आणि लांबवर काळे कातळी डोंगर. उघड्या शेतांत मधेच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. काही इतके रचून केलेले की पायऱ्यांच्या देवळासारखे वाटतात. बेट ज्वालामुखीतून झालेलं, जमिनीत बसाल्टच बसाल्ट. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायचे. तेच हे ढीग. बाबांनी पहिलाच ढीग पाहून गाडी थांबवायला सांगितली. उतरले, एका दगडावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “हे हातानं उचललंय गो सगळं.” कोकणात भाताच्या खाचरासाठी दगड काढलेला माणूस तो, त्यांना त्या ढिगाचं वजन माझ्यापेक्षा चांगलं कळलं. असे ढीग कुठल्याही टूरच्या यादीत नसतात. व्हॅन तिथे थांबली नसती.

उसातच दगडी धुराडी उभी दिसतात. खाली कारखाना नाही, भिंती नाहीत, नुसतं चौकोनी किंवा गोल धुराडं आणि त्याच्या फटीतून वाढलेलं वडा-पिंपळाचं रोप. एकोणिसाव्या शतकात या एवढ्याशा बेटावर साखरेचे दोनशेहून जास्त कारखाने होते. आता तीन उरलेत. बाकीच्यांची ही धुराडी राहिली आहेत. एकदा नजरेला सवय झाली की प्रत्येक वळणावर नवं सापडतं.

गाडी हातात असल्याचा आणखी एक आनंद म्हणजे हवा. पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आँ फ्लाकला कडकडीत ऊन होतं. तिथून वर मधल्या पठारावर क्युरपीपला अर्ध्या-पाऊण तासात पोचलो, तर धुकं, भुरभुर पाऊस आणि लोकांच्या अंगात स्वेटर. आग्नेयेचे वारे समुद्रावरून ओल घेऊन येतात, पठारावर चढताना ती सांडतात आणि पश्चिमेला कोरडे उतरतात. घाटमाथ्याचं हे गणित आपल्याला शिकवायला नको. गंगा तलावाकडे जाताना दोन्हीकडे दाट झाडी आणि पावसात चकाकणारा रस्ता. हाच रस्ता महाशिवरात्रीच्या सुमारास कावडी घेऊन चालत येणाऱ्या लाखो लोकांनी भरून जातो. म्हणूनच तो एवढा रुंद केलाय. आम्ही गेलो तेव्हा तो जवळजवळ रिकामा होता आणि तेहतीस मीटर उंच शंकर ढगात छातीपर्यंत बुडालेला.

तिथून शामारेलच्या घाटाने उतरलं की एकदम पश्चिमेचं खारं निळं पाणी दिसतं आणि त्यात पुढे सरकलेला ल मॉर्नचा डोंगर. उंची 556 मीटर, सगळ्या बाजूंनी तुटलेले कडे. मळ्यांवरून पळालेले गुलाम या डोंगराच्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहत. आफ्रिकेतून, मादागास्करहून आणलेली माणसं ती. 1835 मध्ये गुलामगिरी संपली. तिथे सांगतात की ही बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे निघाले, वरच्यांना वाटलं पकडायलाच आलेत, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही कथा किती खरी ते बाजूला ठेवा. तिथले लोक ती जपतात आणि 1 फेब्रुवारीला आजही सुट्टी असते. युनेस्कोच्या वारसा यादीत हा डोंगर 2008 मध्ये आला.

ल मॉर्नपासून दक्षिण किनाऱ्याने बे द्यु काप, बेल ओंब्र करत सुयाकपर्यंत जाणारा रस्ता माझा सगळ्यात लाडका. डांबर आणि पाणी यांत कधीकधी हातभराचंच अंतर. सुरूची झाडं, मासेमारीच्या होड्या, शाळेच्या गणवेशातली मुलं, सायकलला पाव अडकवून चाललेला म्हातारा. माकोंदेला रस्ता एका खडकाला वळसा घालून जातो आणि तिथे सगळेच थांबतात, आम्हीही थांबलो. पुढे सुयाकजवळ ग्री ग्रीला प्रवाळाचं कडं तुटलंय. बाकी बेटाभोवती बहुतेक ठिकाणी हे कडं लाटांना लांब अडवतं, म्हणून किनाऱ्याचं पाणी तळ्यासारखं शांत. इथे मात्र आख्खा हिंदी महासागर किनाऱ्याच्या कातळावर येऊन आदळतो. गुहागरकडच्या वेळणेश्वरला पावसाळ्यात असा आवाज येतो, असं बाबा म्हणाले आणि बराच वेळ तिथून हलायला तयार नव्हते. आम्हाला कुठे पोचायचं नव्हतं. कुणी घड्याळ दाखवून बोलावणारं नव्हतं.

वाटेत खाल्लेल्या धाल पुरीबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. रोझ हिलला रस्त्याकडेला काचेची पेटी लावलेली छोटी गाडी. विक्रेत्याने झाकलेल्या कापडाखालून दोन पातळ पिवळसर पोळ्या काढल्या, एकीवर एक पसरल्या, त्यावर मोठ्या पावट्याची रस्सा भाजी, टोमॅटोचं रुगाय म्हणजे मसालेदार सार, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा एकेक पळी फासला, गुंडाळून कागदात दिल्या. नेहमी जोडीनेच देतात. पोळीत शिजवून वाटलेली डाळ भरलेली असते. पुरणपोळीचीच रीत, गूळ वजा आणि जिरं-हळद अधिक. बाबांनी उभ्याउभ्या दोन जोड्या संपवल्या. बिहारकडच्या मजुरांनी आणलेला हा पदार्थ आज तिथले चिनी, आफ्रिकी वंशाचे क्रिओल, मुसलमान, सगळेच खातात.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर लिहायला बसले ती.

गुलाम सुटणार हे ठरलं, पण ऊस उभा होता. मळेवाल्यांना हात हवे होते. मग इंग्रजांनी हिंदुस्थानातून पाच वर्षांच्या करारावर मजूर आणायला सुरुवात केली. 1834 पासून पुढे जवळजवळ पाच लाख माणसं या बेटावर उतरली. पोर्ट लुईच्या बंदरावर ज्या जागी ती उतरत, तो आप्रवासी घाट 2006 मध्ये वारसा यादीत आला. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या. त्या चढून वर आलं की नोंदणी, आणि दोन-तीन दिवसांत मळ्यावर रवानगी. ल मॉर्नहून या घाटापर्यंत मोटारीने तास-सव्वातास लागतो. एका टोकाला गुलामांचा डोंगर, दुसऱ्या टोकाला मजुरांचा घाट आणि मधे सगळीकडे ऊस. हे अंतर आपण स्वतः कापलं की या देशाचा इतिहास कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

घाटाच्या संग्रहालयात आणि नंतर वाचताना एक तपशील कळला. तो माझ्या मनातून जात नाही. करारात एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापत. आणि करार संपला म्हणून माणूस मोकळा झाला असंही नव्हतं. 1867 च्या कायद्याने अशा जुन्या मजुरांनाही फोटो लावलेला पास सतत जवळ बाळगण्याची सक्ती होती. आपला जिल्हा सोडून परवानगीशिवाय दुसऱ्या जिल्ह्यात दिसला तर तो ‘भटक्या’ ठरायचा आणि तुरुंगात जायचा. हजारो लोक असे पकडले गेले. 1871 मध्ये त्यांच्या वतीने आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्यानेच अर्ज केला, हजारो मजुरांनी त्यावर सह्या-अंगठे केले, मग विलायतेहून चौकशी आयोग आला.

म्हणजे ज्या रस्त्यांवर मी काच खाली करून, वाटेल तिथे वळत फिरत होते, त्याच रस्त्यांवर माझ्या मुलखातल्या माणसाला एका गावाहून दुसऱ्या गावी जायची चोरी होती. माझाही परवाना फोटोसकट गाडीच्या खणात होता, पण पोलीस दिसला तरी छातीत धस्स व्हायचं कारण नव्हतं. त्या दिवसानंतर जिल्ह्याची हद्द दाखवणारी पाटी आली की माझं लक्ष तिच्याकडे जायचंच. मोका, प्लेन विल्हेम्स, रिव्हिएर न्वार. पाटी येते, जाते, गाडी तशीच पुढे.

मुलखातल्या माणसाला म्हणाले ते उगाच नाही. या मजुरांत मुंबई बंदरातून चढलेले मराठीही होते, त्यांतले पुष्कळ रत्नागिरीकडचे. मुंबईला पोट भरायला म्हणून घरातून निघालेले काही जण तिथूनच बोटीत चढले असणार. त्यांची वस्ती पश्चिमेच्या रिव्हिएर न्वार भागात आणि वाक्वाच्या बाजूला जास्त झाली. कास्काव्हेल हे त्यातलं एक गाव. पर्यटकांना हे नाव मोठ्या मॉलचं म्हणून माहीत असतं, फ्लिक आँ फ्लाकला जाताना तो लागतो. गाव त्याच्या पुढे, उसातून आत.

टॅक्सी केली असती तर ड्रायव्हरने गप्पांतून बरंच सांगितलं असतं, हे मान्य. गाडी स्वतः चालवताना सांगणारं कुणी नसतं. पण म्हणूनच विचारावं लागतं, आणि विचारलं की माणसं उघडतात. कास्काव्हेलला देवळाशी गाडी लावली. ओट्यावर बसलेल्या एका आजोबांना बाबांनी सरळ मराठीतच विचारलं, “नमस्कार. इथे मराठी माणसं कुठे भेटतील?”

ते उठून उभेच राहिले. “मी मराठी. बसा ना, बसा.” आणि लगेच, “तुम्ही कुठल्या गावचे?”

घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून झालेली तिथली बोली, देवापुढे मराठी आणि शाळेत शिकलेली थोडी पुस्तकी मराठी, अशी त्यांची भाषा. शाळांत तिथे मराठी शिकता येतं, रेडिओ-टीव्हीवर मराठी कार्यक्रम असतात आणि गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी. गणपतीत पोरं अजून झाकरी नाचतात, असं ते म्हणाले. बाबांनी विचारलं, “ढोलकी-झांजा घेऊन, गोल करून?” “होय, गोल.” मग बाबांनी ओट्यावर बसल्या बसल्या टाळी धरून आमच्या गावच्या जाखडीची एक चाल म्हटली. लहानपणी ते स्वतः नाचलेत. आजोबांनी दुसऱ्या ओळीला झांजेचा ठेका तोंडाने धरला. शब्द वेगळे होते, ठेका तोच.

मग त्यांनी मुलीला घरी पिटाळलं आणि प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद मागवला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. वंशजांना त्यांतून आपल्या माणसाचा उतारा मिळतो. हा त्यांच्या पणजोबांचा होता: क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, बोटीचं नाव, जिल्हा रत्नागिरी, आणि गाव. गाव कारकुनाने कानाला आलं तसं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. त्यावर आजोबांनी पेन्सिलीने वर्तुळ केलेलं होतं. मुंबईहून कुणी आलं की ते हा कागद दाखवतात. आजवर कुणालाच गाव ओळखता आलेलं नाही.

बाबांनी चष्मा पुसला आणि ते नाव हळूहळू मोठ्याने म्हणून पाहिलं. एकदा असं, एकदा तसं. म्हणाले, “आमच्याकडची दोन गावं असू शकतात. एक खाडीच्या अलीकडे, एक पलीकडे. दापोलीतही एक आहे.” आजोबांनी त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

आम्ही कागदाचा फोटो घेऊन आलो. परत आल्यापासून बाबांना दुसरं काही सुचत नाही. तलाठ्याकडे जाऊन आले, जुन्या फेरफारात ते आडनाव आहे का ते बघताहेत. खाडीअलीकडच्या गावात पत्ता लागला नाही. पलीकडच्या गावच्या देवळात गुरवांकडे जुनी मानकऱ्यांची यादी आहे म्हणतात. पुढच्या आठवड्यात मी त्यांना गाडीने तिकडे घेऊन चाललेय. आजोबांचा दर रविवारी फोन येतो. बाबा आधी हवापाणी विचारतात, मग कुठवर आलं ते सांगतात.